सासऱ्यांचा झोर्की-४ आणि दुकानातला सोनेरी ‘लायका’: सल्ला हवाय

मृणाल_बडोदा

नमस्कार मंडळी,

माझे सासरे कोयलीच्या रिफायनरीत होते. तेव्हा तिथे रशियन इंजिनिअर बरेच असायचे आणि त्यांच्यातल्या एकाशी सासऱ्यांची चांगली मैत्री जमली होती. १९६९ मध्ये ते गृहस्थ मायदेशी परत निघाले, तेव्हा आपला कॅमेरा सासऱ्यांना देऊन गेले. सासूबाईंनी त्यांच्या बायकोसाठी बांधणीची साडी दिली. पुढे कितीतरी वर्षं घरातले सगळे फोटो याच कॅमेऱ्यानं निघाले: माझ्या नवऱ्याचं बारसं, सुरसागरवरचं गणपती विसर्जन, जवाहरनगर कॉलनीतला गरबा. सासरे गेल्या वर्षी गेले. घरात फोटोंचं वेड मलाच, म्हणून सासूबाईंनी कॅमेरा माझ्या हातात दिला.

तपकिरी चामड्याची केस आहे. कॅमेऱ्यावर रशियन अक्षरांत नाव आणि पुढे ४ चा आकडा. शोधल्यावर कळलं की हा झोर्की-४. लेन्सवर ज्युपिटर-८ आणि २/५० असं आहे. सोबत एक पातळ रशियन पुस्तिका आहे, तिच्यात हातानं लिहिलेले नंबर आणि एक शिक्का. लेन्समधून उजेडाकडे पाहिलं की कडेला बारीक पांढरे तंतू दिसतात. मी अजून कुठलाही खटका दाबलेला नाही, कारण हे कॅमेरे चुकीच्या क्रमानं वापरले तर बिघडतात असं वाचलं.

खरं सांगायचं तर गेले काही आठवडे मी याच विषयात बुडाले आहे. फेड, कीव्ह, झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांचे फोटो रात्री उशिरापर्यंत बघत बसते. एकेक जमवावा असं फार मनात आहे. संग्रह कपाटात मांडून ठेवण्यासाठी नको, वापरायला हवा.

आता मुद्दा. मांडवीच्या बाजूला जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे. तिथे सोनेरी रंगाचा एक ‘लायका’ (जर्मन कॅमेरा) आहे, त्यावर गरुड आणि जर्मन वायुदलाचं नाव कोरलेलं. दुकानदार म्हणतो, दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकाचा आहे, ४५,००० ला देतो. नवरा म्हणतो, तुला आवडला तर घे, वाढदिवसाचं समज. पण माझं मन धजत नाहीये. कुणी जाणकार सांगेल का की तो खरा आहे हे कसं ओळखायचं? आणि आमच्या झोर्कीचं काय करू? तो चालेल का?

ओंकार_ठाणे

सोनेरी, गरुडवाला, ४५ हजार. घेऊ नका. मी मुंबईच्या चोरबाजारात असे हरतऱ्हेचे पाहिले आहेत, काहींवर ऑलिंपिकची कडी, काहींवर लाकडी आवरण. आतून सगळे फेड नाहीतर झोर्की. खुणा सविस्तर इथले बडोद्याचे काका सांगतील, त्यांची वाट बघा.

झोर्की मात्र सोडू नका. पुस्तिकेसकट कॅमेरा क्वचित बघायला मिळतो.

जुना_फिटर (दांडिया बाजार)

मृणालताई, आधी त्या दुकानदाराला नाही म्हणून कळवा, मग पुढचं सावकाश वाचा. मी रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनला होतो, निवृत्त होऊन बराच काळ झाला. हे कॅमेरे उघडणं आणि चालते करणं हाच आता माझा दिवस. त्यामुळे थोडं लांबेल.

जर्मनीत १९३२ साली लायकाचं दुसरं मॉडेल आलं. त्यात अंतर मोजणारा रेंजफाइंडर लेन्सच्या फिरण्याशी जोडलेला होता. १९३४ पासून युक्रेनमधल्या खार्कोव्हला त्याची हुबेहूब नक्कल बनू लागली. ती बनायची रस्त्यावरच्या बेघर मुलांसाठी काढलेल्या एका कम्यूनच्या कारखान्यात. अंतोन माकारेंको हे मोठे शिक्षणतज्ज्ञ त्या कम्यूनचे प्रमुख होते. कम्यूनला नाव होतं सोव्हिएत गुप्तपोलीस दलाचे संस्थापक फेलिक्स एदमुन्दोविच झेर्झिन्स्की यांचं, त्याची आद्याक्षरं म्हणजे फेड. चौदा-पंधरा वर्षांची पोरं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं काम करत होती. मी स्वतः आयुष्यभर गेज आणि व्हॉल्व्ह जुळवले, म्हणून मला त्या पोरांबद्दल फार आदर वाटतो. युद्धानंतर, १९४८ मध्ये, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यानं तोच कॅमेरा झोर्की नावानं काढायला घेतला. हे दोन्ही लाखांनी बनले.

तुमच्या दुकानातली वस्तू तिथूनच येते. सोव्हिएत संघ मोडला त्या सुमारापासून जुने फेड आणि झोर्की घ्यायचे, वरची नावाची पट्टी घासायची, त्यावर लायका आणि गरुड कोरायचा, पितळी किंवा सोनेरी मुलामा द्यायचा, हा धंदा जोरात चालला. एका चांगल्या कॅमेऱ्याचं खरं नाव पुसून टाकायचं, याचा मला संताप येतो. ज्या फेडवर त्या पोरांच्या कारखान्याचं नाव होतं, त्यावर आता जर्मन वायुदलाचा गरुड बसलाय.

ओळखायची खूण सोपी आहे आणि ती तुमच्या घरातच आहे. तुमच्या झोर्कीची लेन्स पेचाची आहे, हलक्या हातानं उलटी फिरवली की निघते. आत वरच्या बाजूला एक छोटी दांडी दिसेल, लेन्सच्या मागच्या कडीला टेकणारी. तिचं टोक चपटं, पाचरीसारखं आहे. फेडमध्येही तसंच. खऱ्या लायकात तिथे गोल फिरणारी चाकी असते. त्या दुकानात गेलात तर लेन्स काढून फक्त एवढंच बघा. दुसरी खूण लेन्समध्ये. लायकाच्या खऱ्या एल्मार लेन्समध्ये अ‍ॅपर्चरची (उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची) पाती पहिल्या काचेच्या लगेच मागे असतात, रशियन इंडस्टारमध्ये दुसऱ्या काचेच्या मागे, खोलवर. समोरून पाहिलं तरी फरक कळतो.

आता तुमचा झोर्की. पाठीमागे किंवा वर नंबर कोरलेला असेल, त्याचे पहिले दोन आकडे म्हणजे बनल्याचं साल. क्रास्नोगोर्स्कची खूण म्हणजे एक लोलक आणि त्यातून आरपार जाणारा किरण, तीही शोधा. लेन्सच्या नंबरचंही तसंच. ती पातळ पुस्तिका म्हणजे कॅमेऱ्याचा कारखान्यातला दाखला आहे, रशियन लोक तिला पासपोर्टच म्हणतात. तिच्यातले नंबर कॅमेऱ्याशी आणि लेन्सशी जुळतात का ते पाहा. जुळले, तर कॅमेरा आणि लेन्स जन्मापासून एकत्र आहेत. झोर्की-४ हा १९५६ ते १९७३ या काळात सतरा लाखांहून जास्त बनला, म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही. त्या दुकानदारानं सांगितलेल्या रकमेच्या पाचव्या भागातही चांगला चालू झोर्की-४ मिळावा. पण जुळणारे नंबर, दाखला, आणि तो कुणाकडून कुणाकडे आला हे माहीत असणं, हे तिन्ही एकत्र फार कमी वेळा हाती लागतं. केस, पुस्तिका, कॅमेरा हे कधीही वेगळे करू नका.

क्रमाबद्दल तुम्ही वाचलंत ते अगदी बरोबर. आधी चावी भरायची, म्हणजे उजवीकडची मोठी गुंडी शेवटपर्यंत फिरवायची, आणि मगच शटर स्पीडची चकती उचलून फिरवायची. कारण असं की शटर सुटताना ती चकती स्वतःही फिरते. चावी भरलेली नसताना चकतीवरची खूण भलत्याच जागी असते, तेव्हा जबरदस्तीनं फिरवली की आतला खटका वाकतो. ही एक शिस्त पाळली तर हा कॅमेरा तुमच्या नातवंडांपर्यंत जाईल.

लेन्समधले तंतू म्हणजे बुरशी. बडोद्याचा पावसाळा आणि चामड्याची केस, दोन्ही तिच्या सोयीचे. चामडं ओल धरून ठेवतं. केस जपा, पण वेगळी ठेवा. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. बुरशी नुसती कडेला असेल तर फोटोवर फारसा परिणाम होत नाही, पण ती वाढायच्या आत उघडून पुसून घेतलेली बरी. लेन्स काढून काही तास उन्हात ठेवली तर चालते. लेन्स लावलेला कॅमेरा मात्र उन्हाकडे तोंड करून कधीही ठेवू नका. आतला पडदा रबर चढवलेल्या कापडाचा आहे, लेन्समधून आलेलं ऊन त्याला क्षणात भोक पाडतं.

आता एवढं करा: तळाच्या दोन कळा फिरवून मागचं झाकण काढा. आतलं रिकामं स्पूल सुटं असतं, ते घरंगळतं, ते आधी बाजूला नीट ठेवा, कारण स्पूल नसलेले झोर्की मी ढिगानं पाहिले आहेत. मग अंधाऱ्या खोलीत पुढून बॅटरी धरा आणि मागून पडद्याकडे पाहा, चावी न भरता आणि भरून, दोन्ही वेळा. उजेडाचे ठिपके दिसतात का ते इथे लिहा. डोळ्याला लावायच्या खिडकीतून समोर लांबची वस्तू बघा, आपल्या लक्ष्मी विलास पॅलेसचा मनोरा उत्तम. लेन्स अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसवर, नेली की मधल्या पिवळसर ठिपक्यातली दुसरी प्रतिमा मनोऱ्यावर चपखल बसायला हवी. आडवी सरकलेली आहे की उभी, तेही सांगा.

मृणाल_बडोदा

काका, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. दुकानात गेले होते. लेन्स काढून दाखवा म्हटल्यावर दुकानदार आधी नको म्हणाला, मग काढली. आत चपटी पाचर. मी आभार मानून निघाले.

आमचा नंबर ६८ पासून सुरू होतो आणि लेन्सचाही ६८. पुस्तिकेत दोन्ही नंबर तेच! सासूबाईंना दाखवलं, त्यांनी पुस्तिका देवघरातल्या कपाटात ठेवायला सांगितली, पण मी ती डब्यातच ठेवली आहे.

पडद्यावर दोन ठिपके दिसले, दोन्ही एकाच कोपऱ्यात, चावी न भरलेली असताना. मनोऱ्याची दुसरी प्रतिमा उभी बरोबर बसते, पण आडवी किंचित डावीकडे राहते. गुंडी फिरवताना आवाज गुळगुळीत आहे. वेगवेगळ्या स्पीडला फरक कानाला कळतो, १ सेकंदाला आतलं यंत्र घरघरतं आणि मग पडदा पडतो. ते ऐकायला मला फार आवडतं.

दोन प्रश्न: रोल कुठला घालू, आणि यात मीटर नाही तर उजेड कसा ओळखायचा? आणि पुढचा कॅमेरा घ्यायचा झाला तर कीव्ह घेऊ का? दिसायला तो सगळ्यात देखणा वाटतो.

अनघा_इंदूर

मृणाल, मी इंदूरला राहते आणि घरीच काळे-पांढरे रोल धुते. उजेडाचं सांगते. सासऱ्यांनीही मीटरशिवायच फोटो काढले असणार, आणि ते जमतं. कडक ऊन, सावल्या ठळक: अ‍ॅपर्चर १६ आणि शटर स्पीड रोलच्या स्पीडच्या (उजेड टिपण्याच्या क्षमतेच्या आकड्याच्या) जवळचा. म्हणजे १२५ चा रोल असेल तर १/१२५. हलके ढग आले तर ११, दाट ढग असले तर ८, उघड्यावरच्या सावलीत ५.६ किंवा ४. पहिले काही रोल प्रत्येक फोटोची नोंद कागदावर ठेव, पुढे डोळा आपोआप शिकतो.

पहिला रोल काळा-पांढरा घाल, १०० किंवा १२५ स्पीडचा. दोन कारणं. रंगीत रोलपेक्षा तो चुका जास्त पोटात घालतो, आणि घरी धुता येतो. धुण्याच्या तक्त्यांतली वेळ २० अंशांच्या पाण्यासाठी असते. आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणी तिशीच्या वर असतं, तेव्हा बादलीत बर्फ घालून डेव्हलपरची बाटली आधी त्यात थंड करायची. मी तर उन्हाळ्यात रोल साठवते आणि दिवाळीनंतर धुते. लॅबला देणार असशील तर निगेटिव्ह परत पाहिजेत हे आधीच स्पष्ट सांग, आणि शक्य तर न कापता माग.

ज्युपिटर-८ बद्दल: ही लेन्स झाइस या जर्मन कंपनीच्या लुडविग बर्टेले यांनी आखलेल्या सोनार लेन्सवर बेतलेली आहे. अ‍ॅपर्चर २ वर उघडली की माणसाचा चेहरा मऊ येतो, कडा विरघळतात. ५.६ च्या पुढे तीक्ष्ण. समोरून उजेड आला की चित्र फिकं पडतं, म्हणून तळहातानं सावली धर. चेहऱ्यासाठी मला तिच्याइतकी दुसरी कुठलीच लेन्स आवडत नाही. सासूबाईंचा फोटो खिडकीपाशी बसवून २ वर काढ.

कीव्हबद्दल माझं मत: घे. युद्धानंतर जर्मनीतून नुकसानभरपाई म्हणून झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याची यंत्रसामग्री सोव्हिएत संघात गेली आणि कीव्हच्या आर्सेनल कारखान्यात तोच कॅमेरा पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत राहिला. सुरुवातीच्या नगांत जर्मन सुटे भागच वापरले होते. त्याच्या रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर ९० मिलिमीटर आहे, झोर्की-४ चं जेमतेम ३८. जितकं अंतर जास्त तितकं फोकस अचूक. उजेड कमी असताना हा फरक हातात जाणवतो. माझ्याकडे १९५० च्या दशकातला एक आहे आणि तो मी कुणालाही देणार नाही.

जुना_फिटर (दांडिया बाजार)

अनघाताईंचं उजेडाचं आणि बर्फाचं अगदी पटलं. कीव्हवर मात्र आमचं जमणार नाही. कीव्ह सुंदर आहे, यंत्र म्हणून झोर्कीच्या वरचढ आहे, पण पहिल्या-दुसऱ्या खरेदीला नको. त्याचं शटर पितळी पट्ट्यांचं, वरून खाली पडणारं, आणि त्या पट्ट्या रेशमी फितींवर लटकलेल्या असतात. फीत कुजून तुटली की सगळं खोलावं लागतं आणि ते काम करणारा माणूस आसपास मिळणं कठीण. शिवाय त्याच्या लेन्स खटक्याच्या आहेत, तुमच्या पेचाच्या लेन्स त्यावर बसणार नाहीत. उजवा हात नेहमीसारखा धरला की बोट रेंजफाइंडरच्या खिडकीवर येतं, ती पकडही शिकावी लागते.

मृणालताई, तुम्ही पुढचा घ्यायचा तो फेड-२. खार्कोव्हचाच, १९५५ पासूनचा. स्लो स्पीड नाहीत, १/२५ किंवा १/३० च्या खाली काही नाही, म्हणून आत बिघडण्यासारखंही कमी. रेंजफाइंडरचं अंतर ६७ मिलिमीटर, म्हणजे अनघाताईंचा मुद्दाही बराचसा भागतो. ३९ मिलिमीटरचा तोच पेच, तुमची ज्युपिटर थेट बसेल. मागचं झाकण निघतं. झोर्की-१ किंवा फेड-१ मात्र एवढ्यात घेऊ नका: त्यात रोल तळातून भरावा लागतो, त्यासाठी रोलचं टोक दहा सेंटिमीटर लांब जीभ होईल असं कातरायचं असतं. शिवाय युद्धाआधीच्या फेडच्या लेन्स आणि बॉडी एकमेकांना जुळवून बसवलेल्या असत, दुसरी लेन्स लावली की फोकस चुकतो. लेन्सच घ्यायची असेल तर फेडसोबत येणारी इंडस्टार-६१ घ्या. तिच्या काचेत लॅन्थॅनम आहे, ती फार तीक्ष्ण आहे, आणि ज्युपिटरच्या मऊपणाला चांगली जोड देते.

तुमच्या पडद्याचे दोन ठिपके किरकोळ आहेत. कापडावर लावायचा काळा रबरी रंग बारीक ब्रशानं, अगदी पातळ, आतल्या बाजूनं लावायचा आणि एक दिवस उघडं ठेवायचं. जाड लावलात तर पडदा गुंडाळीवर अडेल. रेंजफाइंडरचं आडवं जुळवणं समोरच्या बाजूला एका छोट्या झाकणस्क्रूमागे असतं, पाव फेऱ्याचंही काम नाही. तेल कुठेही घालू नका. लोक शिवणयंत्राचं तेल सोडतात, ते पडद्याच्या कापडात उतरतं आणि कॅमेरा कायमचा जातो.

आता जमवण्याबद्दल, कारण मूळ प्रश्न तो आहे. ऑनलाइन पूर्वी युक्रेनमधले विक्रेते भरपूर होते. २०२२ मध्ये युद्ध पेटल्यापासून खार्किव (म्हणजेच खार्कोव्ह) आणि कीव्हहून पार्सल मागवणं पहिल्यासारखं राहिलेलं नाही, आणि वर आपली कस्टम ड्युटी. पण बडोद्यात बसून बाहेर बघायचं कशाला? इथली रिफायनरी सोव्हिएत मदतीनं उभी राहिली: करार १९६१ चा, नेहरूंनी पायाभरणी केली १९६३ मध्ये, आणि १९६५ मध्ये ती सुरू झाली. अंकलेश्वरच्या तेलक्षेत्रावरही रशियन तज्ज्ञ होते. ही माणसं आपापले कॅमेरे घेऊन आली, आणि जाताना काही इथेच राहिले, तुमच्या सासऱ्यांच्या झोर्कीसारखे. माझ्याकडचे बहुतेक कॅमेरे अशाच घरांतून आले: जवाहरनगर, गोरवा, निझामपुरा. मी बाजारात शोधत नाही. जुन्या सहकाऱ्यांच्या घरी जातो, चहा घेतो, विचारतो. बरेच जण विकत नाहीत, आणि मी आग्रहही करत नाही. तेव्हा मी फक्त नंबर लिहून घेतो आणि कॅमेरा अडला असेल तर चालता करून देतो.

प्रत्येक कॅमेऱ्यासाठी माझ्या वहीत एक पान आहे: नंबर, साल, कुणाच्या घरचा, त्यांना तो कुणी आणि कधी दिला, त्यावर काढलेला एखादा फोटो मिळाला तर त्याची प्रत. माझ्या मते संग्रहात मोलाचं हेच. झोर्की सतरा लाख आहेत, पण कोयलीच्या इंजिनिअरनं बांधणीच्या साडीच्या बदल्यात दिलेला झोर्की एकच आहे, आणि हे आज सासूबाईंना विचारून लिहून ठेवलं नाही तर पुढे कुणालाच कळणार नाही. त्या इंजिनिअरचं नाव त्यांना आठवतं का? कुठल्या युनिटवर होते?

आणखी एक, विषयाला थोडं सोडून: अग्फाचा क्लिक थ्री कुठे दिसला तर तोही घ्या. तो आपल्या बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनत असे. रेंजफाइंडर नाही, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो, पण भारतात कितीतरी घरांत पहिला कॅमेरा तोच होता. रशियन कॅमेऱ्यांच्या शेजारी त्याला जागा मिळायलाच हवी.

मृणाल_बडोदा

महिनाभरानं लिहितेय. ठिपके काकांनी सांगितल्याप्रमाणे बुजवले, आडवं जुळवणं त्यांच्या घरी जाऊन त्यांच्याकडूनच करून घेतलं. रोल अनघाताईंनी इंदूरला धुऊन दिला. मनोरा, न्यायमंदिर, खंडेराव मार्केटसमोरची गर्दी, सगळं लख्ख आलंय. सावल्यांतही तपशील आहे. सासूबाईंचा खिडकीपाशी २ वर काढलेला फोटो मात्र नाकापेक्षा कानावर तीक्ष्ण आहे, म्हणजे फोकस जरा मागे गेलाय. लांबचं सगळं बरोबर आणि जवळचं मागे, असं का होतं?

सासूबाईंना इंजिनिअरचं नाव आठवलं, तेही संपूर्ण. ते कुठल्या युनिटवर होते ते मात्र त्यांना माहीत नाही. पण त्यांच्या ब्लॉकमध्ये तेव्हा राहणाऱ्या एका बाईंचा पत्ता त्यांनी दिला, निझामपुऱ्यात. त्यांच्या घरीही एक ‘रशियन कॅमेरा’ आहे म्हणे, पण कुठला ते कुणालाच सांगता येत नाही.

जुना_फिटर (दांडिया बाजार)

लांबचं बरोबर आणि जवळचं मागे म्हणजे आडव्या स्क्रूचा दोष नाही, त्या पाचरीच्या कोनाचा आहे. ती थोडी फिरवावी लागते, मग लांबचं पुन्हा जुळवायचं, पुन्हा जवळचं तपासायचं, असं दोन्ही बसेपर्यंत. मेजावर तिरकी पट्टी ठेवून १ मीटरवर करायचं काम आहे, फोनवर सांगून होणार नाही. कॅमेरा घेऊन या, दुपार मोकळी ठेवा. तोवर जवळचे फोटो ५.६ वर घ्या, तेव्हा फोकसच्या पुढचं-मागचंही बरंच स्पष्ट येतं आणि एवढा फरक लपतो.

निझामपुऱ्याला जाताना बॅटरी, सिलिकाच्या पुड्या आणि वही बरोबर ठेवा. लेन्सवर काय लिहिलंय ते आधी वाचा. आणि त्या बाईंनी कॅमेरा हातात दिला की चावी भरायच्या आधी चकतीला हात लावू नका, त्यांनाही लावू देऊ नका.